पाहिलेलंच लिहायचं

११ सप्टेंबर
चौकीवरून

वहिनी,

मी जिवंत आहे. ही ओळ आधी, कारण तुम्ही पाकीट फोडल्या फोडल्या तीच शोधता.

परवा दादाला जाऊन वर्ष झालं. मी काही केलं नाही. म्हणजे रोजचंच सगळं केलं. तापमान लिहिलं, कड्यापर्यंत चढलो, उतरलो, बटाटे उकडले. मग सवयीने पत्र लिहायला बसलो आणि वर त्याचंच नाव घातलं. बराच वेळ त्या नावाकडे बघत बसलो, मग कागद फाडला. यापुढे तुम्हाला लिहीत जाईन. तुम्हाला चालणार असेल तर.

नियम मात्र त्याचाच राहील. प्रत्येक पत्रात जगण्याची एक युक्ती, कुठल्या तरी प्राण्याची नाहीतर झाडाची, आणि तीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. एकदा मी पुस्तकातला बेडूक खपवायला गेलो, तर त्या पठ्ठ्याने अख्खं पत्र परत पाठवलं होतं. तुम्ही बाजूला बसून हसत होतात म्हणे.

तर या वेळी, कड्याच्या माथ्यावरचं झुडूप. झुडूप कसलं, पालथी घातलेली वाटी! पानं इतकी दाट की बोट शिरत नाही. वर वारा कानफटात मारत होता, आणि मी थर्मामीटर आत खुपसला तर आत चक्क ऊब. जुनी वाळलेली पानं ते गळू देत नाही, पोटाशी धरून बसतं. दोन किडे आत मुक्कामाला होते, भाड्याबिड्याचं काही बोलणं नाही. सशांचे कानही पांढरे व्हायला लागलेत. दिवस लहान झाले की त्यांचा रंग बदलतो, बर्फ पडो न पडो.

आता तुम्ही मला देऊ केलेल्या घरातल्या मागच्या खोलीविषयी. नाही, वहिनी. खात्याच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलंय, हिवाळाभर ससे-पाखरांची रोजची नोंद झाली तर चौकी चालू राहील. खंड पडला की कुलूप, आणि माझ्या जागी खांबावर कॅमेरे. डिसेंबरात रस्ता बंद होईल, तो बर्फ वितळेपर्यंत. तोवर मी आणि ससे. माझं आयुष्य या पायवाटेवर गेलं. खाली येऊन काय करू, तुमच्या गॅलरीतली कबुतरं मोजू?

तुमचा दीर

&nbsp;

२५ सप्टेंबर

भावोजी,

कबुतरं मोजायला माणूस हवाच आहे. पगार म्हणून चहा मिळेल, साखर आपापली आणायची.

मला लिहिलंत, बरं केलंत. पोस्टमनने तुमचं पाकीट दिलं तेव्हा मी सवयीने आत हाक मारली, "अहो, आलं बघा!" मग तशीच दारात उभी राहिले. दिवस रफूच्या दुकानात कसाही निघून जातो हो. संध्याकाळी कुलूप उघडायचं म्हटलं की जीवावर येतं. घर खायला उठतं असं लोक म्हणायचे, मला वाटायचं उगाच बोलतात.

मी काय लिहायचं तेही यांनीच ठरवून ठेवलं होतं ना, दुकानात आलेला एक कपडा. तर एका गृहस्थांचा कोट आला होता, कोपर फाटलेलं. नवा धागा कितीही जुळवून घ्या, उन्हात तो चुगली करतोच. म्हणून त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा उसवून काढायचा आणि त्यानेच रफू करायचं. गृहस्थ आले, कोट उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला, आणि म्हणाले, "बाई, तुम्ही काम केलंच नाही, पैसे कसले मागता?" मला इतका आनंद झाला!

आता मुद्द्याचं. तुम्ही साठीच्या पुढचे, तिथे एकटे, आणि बोलायला ससे. हे गेले तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते, तरी मला कळलं नाही. तुम्हाला काही झालं तर मला पंधरा दिवसांनी त्या रसदगाडीच्या ड्रायव्हरकडून कळेल. चौकी राहो नाहीतर जावो, रस्ता बंद व्हायच्या आत खाली या. ही विनंती नाही. वयाने तुमच्याहून लहान असले तरी नात्याने मोठी आहे, सांगतेय.

वहिनी

&nbsp;

९ ऑक्टोबर
चौकीवरून

नात्याने मोठ्या वहिनींना धाकट्याचा दंडवत.

पत्र मिळालं, पण हे अक्षर काय आहे? भिंतीवर रंगवायच्या पाटीएवढं! एका पानात जेमतेम आठ ओळी. मी आंधळा झालोय असा तुमचा समज दिसतो. समोरच्या उतारावरचा ससा मी अजून चष्म्याशिवाय टिपतो, कळावं.

घळीत, ओढ्याच्या पलीकडे, एक काळ्या डोक्याचं पाखरू पाईनच्या बिया पुरताना तीन दिवस बघितलं. चोच भरून आणतं, मातीत खोचतं, वर पान ठेवतं, मान वाकडी करून आजूबाजूचे दगड बघून घेतं. मग दुसरीकडे. बर्फ पडल्यावर वरून खणून बरोबर त्याच जागी उतरतं, तेही मी मागच्या वर्षी पाहिलंय. काही बिया विसरतं. ओढ्याच्या काठाला पाचसहा रोपं एकाच खळग्यातून वर आलीत, दाटीवाटीने, ती त्या विसरभोळ्याचीच. मी चष्मा कुठे ठेवला ते विसरलो तर त्यातून काही उगवत नाही.

हसलात ना? इथे मी विनोद केला की कोणी हसत नाही. परवा किटलीला म्हटलं, "अगं, जरा दमाने घे." मग किती दिवसांनी आपला आवाज ऐकला ते आठवेना. रेडिओ आहे, पण तो माझं काही ऐकून घेत नाही.

खाली येणार नाही. पुन्हा विचारू नका, मला नाही म्हणायला जड जातं. उद्या घळीतला शेवटचा कॅमेरा काढून आणायचाय. दगडांवर पहाटे बर्फाचा पापुद्रा धरतो, पण माझे पाय त्या वाटेला ओळखतात.

तुमचा दीर

&nbsp;

२४ ऑक्टोबर

भावोजी,

अक्षर मोठं आलं कारण पेन जाड आहे. दुकानात फुकट मिळालं, फेकवत नाही. तुमचा नाकावरचा राग मात्र होता तिथेच आहे, वाचून बरं वाटलं.

एक लोकरीची शाल आली होती, कसर लागलेली. हात फिरवला की भोकं बोटाला लागतात. आता नाही लागत. दुकानात हल्ली बटणांचं काम जास्त असतं, थंडीत लोकांची बटणं फार तुटतात. मी तेच करते. बरं असतं ते, डोक्याला ताप नाही.

घळीतून नीट आलात ना? ते लिहा. आधी ते, मग पाखरं.

वहिनी

&nbsp;

७ नोव्हेंबर
चौकीवरून

वहिनी,

इथे सगळं छान चाललंय. ड्रायव्हर भला माणूस आहे, लाकडं पार चुलीपाशी आणून रचून गेला. पिठं, बटाटे, रॉकेल, सगळं हाताशी.

खिडकीच्या बाहेर मी दाण्यांची ताटली ठेवतो. तिथे रोज चिमण्यांएवढी पिवळट पाखरं येतात. त्यातलं एक आजारी आहे, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. इतरांसारखंच येतं, इतरांसारखंच टोचतं. पण नीट बघितलं तर दाणा उचलतं आणि हळूच टाकून देतं. गिळत नाही. नुसतं जेवल्याचं सोंग. थव्यात जो दुबळा दिसतो, त्याच्यावरच ससाण्याची पहिली झडप, म्हणून अंगात त्राण नसलं तरी मान ताठ. थेट पडेपर्यंत कळू देत नाही. मी तासन्‌तास त्याच्याकडे बघत होतो. खिडकीच्या काचेला नाक लावून बसलो तरी ते उडालं नाही.

काल ताटलीवर आलं नाही.

नोंदी रोज होतायत. एकाही दिवसाचा खंड नाही. साहेबांना सांगायला हरकत नाही, भेटले तर.

दीर

&nbsp;

२१ नोव्हेंबर
चौकीवरून

वहिनी,

या खेपेला तुमचं पत्र नाही. ड्रायव्हर रिकाम्या हाताने आला. मी त्याला पिशवी पुन्हा झटकायला लावली. रागावलात का? रागावा, पण लिहा. दोन ओळी लिहा. त्या जाड पेनाने लिहा.

बर्फ अजून नाही. एवढा उशीर मी कधी बघितला नाही. जमीन तपकिरी, आणि ससे पांढरे शुभ्र. एक ससा रोज कुंपणाच्या फाटकापाशी येऊन बसतो. आजवर त्याच्या आईने, आजीने केलं तेच करतो, धोका दिसला की दगडासारखा गप्प. बर्फात ती युक्ती नामी आहे, मी स्वतः त्यांच्या अंगावर पाय पडेपर्यंत फसलोय. पण मातीवर तो अर्ध्या कोसावरून दिसतो! आणि त्याला वाटतंय, आपण कुणाला दिसतच नाही.

मंगळवारी वर गरुड आला. मी खिडकीतून ओरडलो. काच वाजवली, थाळी वाजवली, किटली फेकली. जितका जास्त आवाज, तितका तो जास्त गप्प. मग गरुड उतरला.

ढवळाढवळ करायची नाही, नुसतं बघायचं, हा आमचा पहिला धडा. इतकी वर्षं मी तो पाळला आणि कधी जड गेला नाही. मंगळवारी मला रडू आलं, वहिनी. एका सशासाठी. कुणाला सांगू नका.

दीर

&nbsp;

२७ नोव्हेंबर

भावोजी,

पाय मोडलाय ना?

कड्यावरचं झुडूप झालं, घळीतलं पाखरू झालं. मी विचारलं, घळीतून नीट आलात ना, त्याचं उत्तर नाही. त्यानंतर खिडकीबाहेरची ताटली, आणि मग खिडकीतून दिसलेला ससा. सशाला हुसकायला माणूस दार उघडून चार पावलं टाकतो. तुम्ही किटली फेकलीत. न पाहिलेलं तुम्ही लिहिणार नाही, तेवढी खात्री आहे, त्यातच सापडलात.

मी खालच्या कार्यालयात फोन केला. साहेबांना सगळं सांगितलं. आधी म्हणाले, गाडीबरोबर रोजच्या नोंदी येतायत, तक्रार नाही. मी म्हटलं, माणूस जगलाय का ते नोंदीत कुठे येतं? मी आरडाओरडा केला. दुकानातले सगळे बघत होते. परवा गाडी निघेल, स्ट्रेचर घेऊन.

चौकी जाईल, मला माहीत आहे. जन्मभर मला पाण्यात पाहा, चालेल.

वहिनी

&nbsp;

११ डिसेंबर
इस्पितळ

आदरणीय वहिनींना,

गुडघा आहे. घळीतून वर येताना घसरलो. चौकीपर्यंत बसून, सरपटत आलो. ड्रायव्हरने पहिल्याच खेपेला बघितलं, त्याला मी शपथ घातली होती. तो बिचारा पाळत होता.

नोंदी मी खिडकीतून करत होतो. त्यातली एकही खोटी नाही. अजून थोडे दिवस, मग बर्फ पडून रस्ता बंद झाला असता, आणि मला कुणी खाली आणू शकलं नसतं. मला तेच हवं होतं. जगलो असतो नाहीतर नसतो, पण तिथे.

त्यांनी मला गाडीत घातलं तेव्हा साहेबांच्या माणसाने माझ्यासमोर दाराला कुलूप लावलं. किल्ली त्याने खिशात टाकली. चूल अजून गरम होती. तुमच्या एका फोनने झालं हे सगळं.

डॉक्टर म्हणतात, आणखी आठवडा गेला असता तर पाय कापावा लागला असता. ते तुमच्या बाजूने बोलतायत, म्हणून मी त्यांच्याशीही बोलत नाही.

इथून सुटल्यावर खात्याच्या विश्रामगृहात एक खोली देणार आहेत, तिथे राहीन. युक्तीबिक्ती या वेळी नाही. आपणही कृपया लिहू नये.

आपला
निवृत्त चौकीदार

&nbsp;

२० डिसेंबर

भावोजी,

लिहू नये म्हणालात, म्हणून लिहीत नाही, बोलतेय. लिहितायत आमच्या दुकानातले इस्त्रीवाले. अक्षर त्यांचं, शुद्धलेखनही त्यांचं, त्याचा दोष मला देऊ नका.

मला दिसत नाही. अगदीच नाही असं नाही. कडेकडेचं दिसतं. पण जिथे बघायला जावं, नेमका तिथेच काळा डाग. समोरच्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. उन्हाळ्यात सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवू, गेलेलं येणार नाही. पेन जाड नव्हतं. मी मोठं लिहीत होते कारण बारीक लिहिलेलं मला दिसत नव्हतं. शेवटचं पत्र तर कागदावर पट्टी ठेवून, चाचपडत लिहिलं.

तुमचा नियम मी केव्हाच मोडला. तो कोट मी बोटांनी रफू केला, डोळ्यांनी नव्हे, आणि तो माझा शेवटचा. शाल तर मी केलीच नाही. दुसरीने केली होती, मी नुसता हात फिरवला आणि तुम्हाला ऐटीत लिहिलं. आता बटणं. पुढच्या महिन्यापासून तीही नाहीत, मालकांनी फार सांभाळून सांगितलं.

चौकीवरून आलेली तुमची शेवटची दोन पत्रं मला वाचताच आली नाहीत. पहिलं तर दोन आठवडे उशाशी तसंच पडून होतं. शेवटी इस्त्रीवाल्यांना राजी केलं. हे गृहस्थ सगळं एका सुरात वाचतात, लग्नपत्रिका असो नाहीतर विजेचं बिल. त्यामुळे मला बाकी काही नाही, नुसती खिडकी ऐकू आली. खिडकी, खिडकी, खिडकी. काय झालंय ते लगेच कळलं, कारण मीही तेच करत होते ना.

(इथे मी, इस्त्रीवाला, माझ्या मनाने लिहितो. बाई रडल्या नाहीत, पण मध्येच डबा ओढून बोटांनी बटणं निवडत बसल्या. तोवर मी दोन शर्ट उरकले. आणि माझ्या वाचण्याला नावं ठेवलेली मी तशीच लिहिली आहेत, याची नोंद व्हावी.)

चौकी गेली त्याचं मला वाईट वाटतं. फार वाटतं. तरी पुन्हा वेळ आली तर पुन्हा फोन करीन. यांच्या वेळी मला कळलं नव्हतं, तुमच्या वेळी कळलं. कळून गप्प बसायला मी काय दगड आहे?

मागच्या खोलीचं आता बोलत नाही. आधी बोलावत होते तेव्हा मला धडधाकट समजत होतात. आता "दिसत नाही, या," म्हणणं म्हणजे गळ्यात पडणं. इस्त्रीवाल्यांची मेहुणी ज्या वृद्धाश्रमात आहे, तिथे नाव घालायचं ठरवलंय. जेवण बरं असतं म्हणे. घर विकून टाकीन. कुणाच्या पायाशी अडकायचं नाही, एवढं जमलं तरी खूप.

पाय जपा. जास्त लोळू नका आणि उगाच फिरूही नका.

वहिनी

&nbsp;

२ जानेवारी
इस्पितळ

वहिनी,

इस्त्रीवाले, नमस्कार. हे तुम्हीच वाचणार. कृपया जिथे राग आहे तिथे थोडा आवाज चढवा.

राग अजून आहे. चौकीचा राग मी सोडलेला नाही. उतरेल तेव्हा उतरेल, तुम्ही घाई करू नका.

तुमची पत्रं मी कालपासून पलंगावर ओळीने मांडून ठेवलीत. नर्स ओरडते, चादर बदलायची असते तिला. पहिल्या पत्रात एका पानावर आठ ओळी, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात ओळी तिरक्या होऊन एकमेकींवर चढलेल्या. मी आयुष्यभर दुर्बीण डोळ्याला लावून बसलो. पिवळ्या पाखराने दाणा गिळला नाही हे मला कळलं. आणि हे माझ्या हातात होतं, तर मी काय केलं? भिंतीवरची पाटी म्हणून टिंगल केली. मला वाटलं, वहिनी मला म्हातारा समजतात. किती शहाणा माणूस मी! लाज वाटते, वहिनी, दुसरा शब्द नाही.

वृद्धाश्रमात नाव घातलं असेल तर काढा. घातलं नसेल तर घालू नका. गळ्यात कोण कुणाच्या पडतंय? माझा एक पाय वाकत नाही आणि तुम्हाला समोरचं दिसत नाही. दूध उतू चाललं तर मी ओरडेन, तुम्ही धावा. लोक काही म्हणालेच, तर काठी आहेच माझ्या हातात. वर्तमानपत्र मी वाचून दाखवीन, रागालोभासकट. विश्रामगृहाची खोली मी सकाळीच नाकारली. साहेब म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, केला.

आता कामाचं. ही एवढी ओळ, इस्त्रीवाले, दोनदा वाचा. तुमच्या इमारतीच्या जिन्याला कठडा कुठल्या हाताला आहे? दादा होता तेव्हा मी धावत चढायचो, कधी बघितलंच नाही. काठी उजव्या हातात असते, म्हणून चढताना मला कठडा डावीकडे हवा.

उजवीकडे असेल तर मी पाठमोरा चढेन. पण कळवा.

दीर